कुशाबाईंचा अर्ज

बोरी बुद्रुक,
१४ नोव्हेंबर १९९८

वन्सं,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. भाऊबीजेला तुमच्या भावाने दुपारी तीनपर्यंत अंघोळ केली नाही. बहीण आल्यावरच करणार, हा त्यांचा हट्ट. शेवटी आरतीने समर्थला ओवाळले, त्याच ताटात त्यांनाही उरकून घेतले. सभापतींच्या दौऱ्यामुळे येणे जमले नाही, ही तुमची चिठ्ठी चार दिवसांनी मिळाली. तुम्ही मोठ्या कामात असता, आम्ही समजून घेतो.

आज लिहायला बसले ते वेगळ्या कारणाने. शाळेतल्या गुरुजींनी पेपर आणून दिला. त्यात तुमचा फोटो आहे. सारवलेल्या ओट्यावर तुम्ही एका म्हातारीजवळ बसल्या आहात आणि तिचा हात तुमच्या हातात आहे. खाली मोठ्या अक्षरात छापलंय, ‘डोंगरातल्या निराधारांची लेक’. फोटो छान आला आहे. तुम्ही जरा वाळलेल्या दिसता.

आईंनी आरतीकडून सगळी बातमी वाचून घेतली. मग म्हणाल्या, “ही बाई कोन?” आरती म्हणाली, “भीमाशंकरच्या वाटेवरच्या वाडीतली आहे, ठकूबाई. तिला कोणी नाही. आत्या दर पंधरा दिवसांनी तिच्याकडे जाते, असं लिहिलंय.”

आई बराच वेळ फोटो बघत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, “हिचं लुगडं तर धडकं हाय की.”

घोडेगावहून बोरीला यायला दोन तास लागतात. मंचरला आणि नारायणगावला गाडी बदलावी लागते, एवढंच. तुम्हाला माहीत आहेच.

तुमची,
तारा

•

घोडेगाव,
२९ नोव्हेंबर १९९८

प्रिय तारा,

पत्र मिळालं. दोन तास लागतात हे मला माहीत आहे, ते तू लिहायची गरज नव्हती.

माझ्या कामाची तुला कल्पना यावी म्हणून सांगते. तालुक्यातल्या अंगणवाड्यांची देखरेख माझ्याकडे, निराधार म्हाताऱ्यांच्या अर्जांची चौकशी माझ्याकडे, आणि नवऱ्याने टाकलेल्या बायका सकाळी आठला क्वार्टरच्या पायरीवर येऊन बसतात, त्याही माझ्याकडेच. अर्जात लिहिलेलं खरं आहे की नाही हे घरी जाऊन बघावं लागतं. चुलीत राख गरम आहे का, पाणी कोण भरतं, शेजारीण सांगते ते आणि म्हातारी सांगते ते जुळतं का. तासभर जवळ बसल्याशिवाय माणूस खरं बोलत नाही. ठकूबाईचा मुलगा मुंबईला गेला तो गेलाच. मी गेले नाही तर पंधरा दिवस तिच्याशी कोणी बोलत नाही. फोटोच्या खाली काय छापायचं ते मी सांगितलेलं नव्हतं.

आता तू विषय काढलाच आहेस तर मनातलं लिहिते. आषाढात मी आले होते, आठवतं? आईने मला चहा कपबशीत दिला. तू पेल्यात घेतलास, तिने तुझ्याच पेल्यातला घोटभर प्यायला. मला तिने विचारलं, “साखर किती घालू?” माझ्या आईने, तारा. मला बेचाळीस वर्षं झाली आणि मी साखर किती घेते ते तिला विचारावं लागलं. तू मात्र काही न बोलता तिच्यासमोर तंबाखूची डबी सरकवलीस, कारण तिला ती केव्हा लागते हे तुला कळतं.

तू तिला आई म्हणतेस. मागच्या खोलीतून हाक आली की क्षणभर मला कळत नाही, कोणी कोणाला हाक मारली.

मी वाळलेली नाही. फोटो तसा आलाय.

शालन

•

बोरी बुद्रुक,
१८ जानेवारी १९९९

वन्सं,

संक्रांतीचा तिळगूळ या पाकिटातून पाठवता येत नाही, कोरडाच घ्या.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. माझ्या माहेराहून आलेल्या सहा कपांतले दोनच कप उरलेत. आई ते फडताळात वरच्या फळीवर ठेवतात, कोणाला हात लावू देत नाहीत. तुम्ही आलात की काढतात. मला इतकी वर्षं वाटत आलं, की बघा, लेकीसाठी कप आणि सुनेसाठी पेला. तुम्ही उलटंच घेतलंत.

तुम्ही मनातलं लिहिलंत म्हणून मीही लिहिते. मी दहावी पास आहे हे घरात आता कोणाला आठवत नाही. सत्त्याऐंशी साली अंगणवाडीत माझी निवड झाली होती, कागद हातात आला होता. त्याच आठवड्यात आई गोठ्यात घसरल्या आणि पाय मोडला. तुम्ही तेव्हा पुण्याला ट्रेनिंगला होतात. कोणीतरी घरी राहायला पाहिजे होतं. मी राहिले. जागा दुसरीला गेली. तिच्या अंगणवाडीवरून जाताना मी अजून दुसऱ्या बाजूला बघत जाते. तुमच्या हाताखाली तसल्या दीडशे बाया आहेत म्हणे. तुमची गाडी आली की त्या उभ्या राहत असतील.

असो. आई ठीक आहेत, पण हल्ली विचारतात फार. “शालन ठकूबाईकडं गेली की काय इचारती?” मी म्हटलं, काय जेवलात, औषध घेतलं का, असं विचारत असतील. “आन् लिवून घेती?” हो, लिहून घेतात. “मंग बसून लिवती का हुबं ऱ्हाऊन?” मी काय सांगणार? मी म्हटलं, बसूनच.

गेल्या बुधवारी शेजारच्या झुंबरबाईंबरोबर जुन्नरला जाऊन आल्या. डोळे दाखवायचे होते म्हणाल्या. मी येते म्हटलं तर नको म्हणाल्या. चष्मा वगैरे काही दिला नाही. पण खुशीत होत्या. आल्यापासून अंगण रोज झाडून घेतात, आणि धुवट लुगडं नेसून बसतात.

तारा

•

घोडेगाव,
२२ फेब्रुवारी १९९९

तारा,

आज सकाळी जुन्नरच्या कचेरीतून पाटोळे म्हणून ओळखीचे कारकून आहेत, त्यांचा फोन आला. ते माझ्याच खात्याच्या बैठकांना असतात. म्हणाले, “बाई, रागावू नका, पण तुमच्या मातोश्रींचा निराधारचा अर्ज माझ्यासमोर आहे. बघायला कोणी नाही असं लिहिलंय. अंगठा त्यांचाच आहे. खालपर्यंत काही वाचलं नाही, आधी तुम्हाला फोन केला.”

कचेरीत चार माणसं बसली होती. मी फोन ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

मी पंधरा वर्षं लोकांच्या घरी जाऊन विचारते आहे, म्हातारीला जेवायला कोण देतं? सुना माझ्यासमोर गोड बोलतात आणि मी मडक्याचं झाकण उचलून बघते. आता माझ्याच आईचं मडकं कोणी उघडून बघायचं? दोन वेळची भाकरी, अंगावर धड कपडा, एवढं तरी तुझ्याकडून होतं ना? की मला लिहायची पत्रं वेगळी आणि घरातलं वागणं वेगळं? डोळे दाखवायला म्हणून ती तुला चुकवून जुन्नरला गेली. का चुकवून गेली? तुझ्यासोबत का नाही गेली?

अंगणवाडीची जागा गेली त्याचा राग तू तिच्यावर काढतेस का? बारा वर्षं झाली तरी तुला ते आठवतं, म्हणजे तिलाही तू त्याची रोज आठवण करून देत असशील.

सोपानला यातलं काही सांगू नकोस. तो मनाला लावून घेईल. मला फक्त खरं कळव.

शालन

•

बोरी बुद्रुक,
१ मार्च १९९९

शालनताईंना,

वन्सं लिहायला हात वळत नाही.

तुमच्या भावाला सांगू नको म्हणालात, पण पत्र यायच्या आधीच तलाठी भाऊसाहेब चावडीवर विचारून गेले. सगळ्या गावासमोर विचारलं, “कुशाबाईला कोण सांभाळतं?” पारावर पंधरा माणसं होती. त्यांतल्या चांगदेवआण्णांनी घरी येऊन आम्हाला सांगितलं. तुमचे भाऊ त्या दिवसापासून दूध घालायला डेअरीवर जात नाहीत, समर्थला पाठवतात. मी पाण्याला गेले की बायका गप्प होतात.

मला या अर्जातलं काहीही माहीत नव्हतं. आरतीच्या गळ्याची शपथ. मी आईंना विचारलं. हात जोडून विचारलं, “आई, माझं काय चुकलं ते सांगा. मी तुम्हाला कधी उपाशी ठेवलं?” त्या भिंतीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, “तुज्यावर न्हाई त्ये.” माझ्यावर नाही तर कोणावर? या घरात चूल माझी आहे.

या घरात येऊन मला सोळा वर्षं झाली. त्यांचा पाय मोडला तेव्हा तीन महिने मी त्यांना उचलून परसात नेलं आणि उचलून आणलं. आरती तेव्हा अंगावर पीत होती. रोज त्यांची वेणी मी घालते, कारण त्यांचा उजवा हात वर जात नाही. तो का जात नाही ते तुम्हाला माहीत आहे का? नाही. तुम्हाला ठकूबाईच्या मडक्यात काय आहे ते माहीत आहे.

तुम्ही या. अचानक या, न कळवता या, आणि आमचं मडकं उघडून बघा. तुमचं तेच काम आहे.

तारा सोपान

•

घोडेगाव,
१६ मार्च १९९९

तारा,

मी काल जुन्नरला गेले होते. पाटोळ्यांनी अर्ज दाखवला. कचेरीबाहेर बसणाऱ्या लिहिणाराने लिहिलेला आहे. वरचं सगळं नेहमीसारखं, अर्जदार वृद्ध असून काम होत नाही, वगैरे. खालच्या चार ओळी तशाच्या तशा उतरवून पाठवते:

‘अर्जदारास मुलगा, सून, नातवंडे आहेत. मुलगीही आहे, परंतु ती सरकारात असल्याने तिला वेळ नाही. सबब अर्जदार त्या बाजूने निराधार आहे. तरी चौकशीकामी घोडेगावच्या शालनबाईंनाच पाठवावे. दुसरे कोणी आल्यास अर्जदार माहिती देणार नाही.’

खाली अंगठा.

पाटोळे म्हणाले, “म्हातारी अर्ज देतानाच दोनदा विचारून गेली, बाई कधी येतील? मी म्हटलं, चौकशी निघाली की येतील. मला वाटलं, कोणत्यातरी बाईंबद्दल बोलतात.” तिला वाटलं, निराधारांच्या घरी जाणारी बाई जगात एकच आहे. तालुका वेगळा असतो, माणसं वेगळी असतात, हे तिला कोण सांगणार? झुंबरबाईंनी तिला सांगितलं असेल की अर्ज केला की बाई घरी येते, शेजारी बसते, जेवलात का विचारते. तिने अर्ज केला. तू लिहिलं होतंस, रोज अंगण झाडते, धुवट लुगडं नेसून बसते. मी ते वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

तारा, तुझ्यावर मी जे लिहिलं त्याची माफी मागते. पण फक्त माफी मागितली तर खोटं होईल, म्हणून दुसरंही लिहिते. ते पत्र लिहिताना मला बरं वाटत होतं. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते आईबद्दल नव्हतं. मनात आलं, सापडली. इतकी वर्षं मी घरी यायचे आणि तुझ्यात काहीतरी खोट शोधायचे. भाकरी जाड आहे का, तिची वाकळ मळली आहे का. काही सापडायचं नाही आणि मी चिडून परत जायचे. येणं कमी केलं त्यालाही दौरे हे एकच कारण नव्हतं.

हा अर्ज मला हाताळता येत नाही, आई माझी आणि तालुका दुसरा. पण या महिन्याच्या अठ्ठावीसला, रविवारी, मी येते. तिला सांगू नकोस की मला सगळं कळलंय. सोपानला मात्र आता सांग.

शालन

•

बोरी बुद्रुक,
२० एप्रिल १९९९

वन्सं,

तुम्ही आईंना घेऊन गेलात त्याला तीन आठवडे झाले. त्यांची तब्येत कशी आहे, एवढं दोन ओळीत तरी कळवायचं. तुमच्या कचेरीत फोन केला तर ‘मॅडम फिल्डवर’ म्हणतात. आळेफाट्याच्या बूथवर मी तीनदा जाऊन आले.

त्या दिवसाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून मी लिहिते. तुम्ही आलात, घरात आलात तरी पाया पडला नाहीत. पिशवीतून कोरा फॉर्म काढलात, घोंगडीवर आईंच्या समोर बसलात आणि म्हणालात, “आजी, नाव काय तुमचं?” मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं, आई हसतील. त्या हसल्या नाहीत. पदर सारखा करून नीट बसल्या. “कुशाबाई.” तुम्ही लिहिलंत. “वय?” “धरनाच्या आदीची हाय, तुमीच लावा.” “लेकी किती?” “येक.” “येते का भेटायला?” आईंनी तुमच्याकडे बघितलं. म्हणाल्या, “आज आली.”

तुमचं पेन थांबलं, ते मी बघितलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण पुढं तुम्ही विचारलंत, “सांभाळतं कोण?” आणि आई गप्प बसल्या. मी दारात, चार हातांवर. माझं नाव घ्यायला काय लागत होतं? सोळा वर्षांत कोणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी तो पहिल्यांदा विचारला गेला आणि उत्तराची रेघ कोरी राहिली. तुम्ही पण पुढं विचारलं नाहीत. तुम्ही फॉर्म बाजूला टाकला, आईंच्या मांडीवर डोकं ठेवलंत, आणि मी आत जाऊन कांदा चिरत बसले.

मग तुम्ही म्हणालात, “थोडे दिवस घेऊन जाते.” आई लगेच उठल्या. गाठोडं आधीच बांधलेलं होतं, वन्सं. मी बांधलेलं नव्हतं.

आता गावात निराळंच सुरू आहे. आधी म्हणायचे, सून सांभाळत नाही. आता म्हणतात, बघा, शेवटी लेकीनं नेली. झुंबरबाई येऊन मला धीर देतात, ते जास्त लागतं. तुमचे भाऊ म्हणतात, तिला तिथं बरं वाटत असेल तर राहू दे. मीही तेच म्हणते तोंडाने. पण खरं सांगू? जीपमधून फिरत असतील, लोक उठून नमस्कार करत असतील, आणि त्यांना बोरी आठवतही नसेल, असं मनात येतं आणि मी ताट बाजूला सारते. दुपारी चार वाजले की मी सवयीने फणी घेऊन ओट्यावर येते. कालही आले. फणी हातात घेऊन तशीच उभी राहिले, आणि समोरून चांगदेवआण्णा जात होते ते हसले.

तुम्ही त्यांची वेणी कशी घालता? त्यांना घट्ट चालत नाही.

तारा

•

घोडेगाव,
३ मे १९९९

प्रिय तारा,

तुला उत्तर द्यायला उशीर केला तो मुद्दाम. तुझं पत्र आलं तेव्हा आई पायरीवर बसली होती. “कुनाचं हाय?” म्हणाली. मी म्हटलं, कचेरीचं. मी खोटं बोलले, कारण तुझं आहे म्हटलं असतं तर तिने लगेच निघायची गोष्ट काढली असती. आणि मला ती इथे हवी होती.

पहिले आठ दिवस आनंदात गेले. मी रजा काढली होती. मग रजा संपली. सकाळी आठला मी निघायचे तेव्हा पायरीवर बायका बसलेल्या असायच्या, त्यांच्यातून वाट काढून मी जायचे. आई आतून बघायची. संध्याकाळी यायचे तेव्हा ती जेवण झाकून बसलेली. तुझ्या घरात ती कधी एकटी नसते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एकदा म्हणाली, “हितं भिंती लई बोलत्यात.” वेणी मी घालते ती तिला आवडत नाही. काही बोलत नाही, पण मी कचेरीत गेले की सोडून टाकते.

मग तिनेच हट्ट धरला, “मला ठकूबाईकडं ने.” मी टाळलं. परवा शेवटी नेलं.

हिरड्याचे दिवस आहेत. ठकूबाईने अंगणात हिरडा वाळत घातला होता. आई जीपमधून उतरली आणि घराकडे बघतच राहिली. ठकूबाईने मला बघून हाक मारली, “आली गं माजी लेक!”

आई तिथेच थांबली. म्हणाली, “तुमची कशी? माज्या पोटची हाय ती.”

मला वाटलं आता भांडण होणार. ठकूबाईने तिच्याकडे नीट बघून घेतलं, घोंगडी झटकली आणि म्हणाली, “बरं झालं आलासा. बसा.” आई बसली, पण मांडी न घालता, उठायच्या तयारीत. घरात डोकावून बघत होती. चूल एक, पातेलं एक, दोरीवर तेच लुगडं, फोटोतलं. दुसरं नाही. मी अर्ज चौकशीत जे बघते ते सगळं माझ्या आईने दोन मिनिटांत बघितलं.

“तुमास्नी कोन हाय?” आईने विचारलं.

“कोन न्हाई. ही येती पंधरा दिसांनी.”

“आन् मदल्या दिसांत?”

ठकूबाई हसली. “मदल्या दिसांत हिची वाट बगायची.”

मग ठकूबाईने तिला विचारलं, “तुमच्या डोईला काय झालं? केस का असं?”

“लेकीनं इंचरल्यात,” आई म्हणाली, “तिला जमत न्हाई. माजी सून इंचरती.”

“सून इंचरती?” ठकूबाईने पुन्हा विचारलं. “रोज?”

“रोज. चार वाजता.”

तारा, ठकूबाई ज्या नजरेने आईकडे बघत होती ती नजर मी ओळखते. मी आईकडे आणि तुझ्याकडे तशीच बघत आले आहे. आईलाही ती ओळखता आली असावी, कारण ती खाली बघायला लागली. मग तिने फणी मागितली, ठकूबाईच्या मागे जाऊन बसली आणि डाव्या हाताने तिचे केस विंचरायला लागली. उजवा वर जात नाही म्हणून. मी विचारलं, “हाताला काय झालं गं?” म्हणाली, “पाय मोडला तवाच हातावर पडले व्हते. तारीला ठाव हाय.”

परत येताना जीपमध्ये म्हणाली, “माजा अर्ज फाडून टाक. त्या कागदावर तिच्यावानी बाईचं नाव पायजे.” अर्ज मागे घेतल्याचा अंगठा आज जुन्नरला पाठवला.

आणि आज दुपारी मला समोर बसवलं. “तारीला लिव. मी सांगते तसं लिव, तुजं घालू नको.” म्हणून इथून पुढचं तिचं आहे:

तारा, शालननं तुजं पत्र लपवलं व्हतं, मला गावलं. मला वाचता येत न्हाई पर तुजं अक्षर वळखू येतं. तिला वाचाया लावलं. तवा तुजं नाव घेतलं न्हाई म्हनून तुला लागलं, त्ये मला ठाव हाय. तू कांदा चिरीत व्हतीस, कांद्याला येवढा टाइम लागत न्हाई. म्या नाव घेतलं असतं तर सांबाळनारी हाय म्हनून शालननं कागद मिटला असता आन् गाडीत बसून गेली असती. मला तिला अजून जरा बसवायचं व्हतं. तुज्याशी लबाडी केली. गावात तुजी मान खाली गेली ती माज्यापायी. मी आले की चावडीवर जाऊन सांगनार हाय, तलाठ्याला बी सांगनार हाय. सोपानाला म्हनावं दूध तूच घालाया जा. शालन गुनाची हाय. मला गोड बोलती, डाक्टरला दावलं. पर ती समद्यांची हाय. तू माजी हाय. मला न्यायला ये.

इथे तिचं संपलं.

शेवटून दुसरं आणि तिसरं वाक्य मी खोडलं होतं, तुला कागदावर दिसेल. लिहिलं, खोडलं, आणि पुढचं लिहायला घेतलं. तिने कागद हातातून घेतला, खिडकीच्या उजेडात धरला. “ह्ये काय गिरबटलंस?” म्हणाली. मी म्हटलं, चुकलं होतं. “चुकलं न्हाई. परत लिव.”

पुन्हा लिहिलं. खोडलेल्याच्या वर, बारीक अक्षरात, पण लिहिलं.

रविवारी ये. सकाळच्या गाडीने निघालीस तर जेवायला पोचशील. दौरा नाही, मी घरीच आहे. तिची वेणी घालताना मला जवळ बसू दे, किती सैल ठेवायची ते मला बघायचं आहे.

शालन